माळावरचा दिवस आधी कागदावर चालावा

दिवाळी उलटून हवेत गारवा आला की मराठवाड्यात रविवारच्या भटकंतीचे बेत सुरू होतात. कुणी सह्याद्रीकडे धाव घेतो, कुणाला वेरूळ-अजिंठा आठवते. बीड जिल्ह्याच्या पूर्व भागातले धर्मापुरी मात्र या यादीत क्वचितच असते. चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिराची शिल्पे पाहायला अभ्यासक येतात, जुना किल्ला पाहून परततात आणि दुपारपर्यंत परळी किंवा अंबाजोगाई गाठतात. बालाघाटचा माळ तिथून पुढे पसरलेला असतो. उन्हात पिवळे पडलेले गवत, काळ्या खडकाचे पायऱ्यांसारखे उतार, मधूनच धावडा, सलई, पळस, बोर आणि आपोआप वाढलेली सीताफळे. गावातून पहाटे निघायचे, वीस-बावीस किलोमीटरचा फेरा मारायचा आणि संध्याकाळी पुन्हा मंदिरापाशी यायचे, असा एक दिवस इथे सहज आखता येतो. त्यातला ‘सहज’ हा शब्दच घात करतो.

सह्याद्रीतला कडा दुरूनच धाक घालतो. माळ तसा धाक घालत नाही. चढ अंगावर येत नाहीत, घसरून पडण्याची भीती नसते आणि समोरची टेकडी हाकेच्या अंतरावर वाटते. त्यामुळे दोन बाटल्या पाणी आणि बिस्किटाचा पुडा घेऊन निघालेली मंडळी दुपारी दोनच्या सुमारास सावलीचे झाड शोधत उभी असतात. गाव दिसत असते, पण मध्ये दोन घळी आहेत हे तोवर लक्षात आलेले नसते. अशा ठिकाणी माणूस दमतो तो उंचीमुळे नव्हे. ऊन, पाणी आणि वेळ यांचा हिशेब चुकलेला असतो. हा हिशेब घरी बसून करता येतो.

वेळेचे गणित

स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा आडाखा मांडला. दर तीन मैलांना एक तास आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपल्या मापात सांगायचे तर ताशी पाच किलोमीटर आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला एक तास जादा. सव्वाशे वर्षांनंतरही जगभरचे भटके याच आडाख्यापासून सुरुवात करतात.

धर्मापुरीच्या फेऱ्यासाठी अंतर बावीस किलोमीटर धरले आणि लहानमोठे सगळे चढ मिळून पाचशे मीटर धरले, तर उत्तर येते सव्वापाच तास. हे उत्तर खोटे नाही, पण ते पायवाटेवर न थांबता चालणाऱ्या तंदुरुस्त माणसाचे आहे. इथे गवताखाली दडलेले दगड असतात, ज्वारीच्या बांधावरून वळसे घ्यावे लागतात, ओढ्यात उतरून पुन्हा चढावे लागते. पाचसहा जणांच्या गटात प्रत्येकाची बुटाची नाडी वेगवेगळ्या वेळी सुटते. म्हणून मूळ आकड्याला दीडपट करणे शहाणपणाचे. म्हणजे जवळजवळ आठ तास.

डिसेंबरच्या अखेरीस या भागात सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो आणि सहाच्या थोडा आधी मावळतो. दिवस जेमतेम अकरा तासांचा. पावणेसातला पाऊल उचलले तर पावणेतीनला परत, म्हणजे हाताशी तीन तास राहतात. हे तीन तास जेवणासाठी किंवा फोटोंसाठी नाहीत, ते चुकलेल्या वाटेसाठी आणि मुरगळलेल्या घोट्यासाठी आहेत. आखणीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद मात्र पोहोचण्याची वेळ ही नव्हेच. ती असते माघारी फिरण्याची वेळ. निम्मा फेरा साधारण पावणेअकरापर्यंत व्हायला हवा. साडेअकरापर्यंत तो झाला नाही, तर असू तिथून परत फिरायचे. ही वेळ आदल्या दिवशी, पोटभर जेवलेले आणि डोके थंड असताना ठरवावी. माळावर ठरवायला गेले की नेहमी कुणीतरी ‘एवढी टेकडी तेवढी पाहू’ म्हणतो आणि बाकीच्यांना नाही म्हणणे जड जाते.

वाटेची आखणी करताना एकच मोठे वेटोळे काढण्यापेक्षा इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोन वेटोळी काढावीत आणि त्यांची गाठ एखाद्या वस्तीवर पडेल असे पाहावे. पहिले वेटोळे संपले की पाणी मिळते, सावली मिळते आणि कुणाला बरे वाटत नसेल तर दुसरे वेटोळे कोणतीही शरम न बाळगता सोडून देता येते. एका मोठ्या वर्तुळात ही सोय नसते. त्याच्या मध्यावर पोहोचल्यावर पुढे आणि मागे सारखेच अंतर उरते.

नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची एकास पन्नास हजार प्रमाणाची पत्रके उत्तम. २०१७ पासून ती संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यावरच्या समोच्च रेषा जिथे दाटीवाटीने येतात तिथे उतार तीव्र, जिथे विरळ तिथे पठार. उपग्रहाच्या छायाचित्रात गुराख्यांच्या वाटा पांढऱ्या दोऱ्यासारख्या दिसतात, त्या नकाशावर पेन्सिलीने उतरवून घ्याव्यात. मोबाइलमध्ये नकाशा आधीच साठवलेला असावा, कारण घळीत शिरले की रेंज जाते आणि रेंज शोधता शोधता बॅटरीही जाते. वाटेत भेटणाऱ्या गुराख्याला वाट जरूर विचारावी. दिशेच्या बाबतीत त्याच्याइतका जाणकार कुणी नाही. अंतराच्या बाबतीत मात्र तो ‘हे काय, इथंच’ म्हणतो ते स्वतःच्या पायांच्या भरवशावर, पाहुण्याच्या नव्हे.

घाम दिसत नाही तेव्हा

चालणारे शरीर हे फार कार्यक्षम यंत्र नाही. स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागच प्रत्यक्ष कामी येतो, बाकीची उष्णता होते. सत्तर किलो वजनाचा माणूस चढउताराच्या वाटेवर तासाला सुमारे साडेतीनशे किलोकॅलरी खर्च करतो असे धरले, तर अडीचशेच्या वर उष्णता शरीराबाहेर टाकावी लागते. हवा थंड असेल तर त्यातली बरीचशी त्वचेवरून नुसत्या वाऱ्याने निघून जाते. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाइतके, म्हणजे ३५ अंशांच्या आसपास गेले की हा दरवाजा बंद होतो आणि फक्त घामावर भिस्त राहते. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे नुसत्या चालण्याची उष्णता काढायला ताशी जवळजवळ अर्धा लिटर घाम लागतो. डोक्यावरचे ऊन आणि पायाखालचा तापलेला काळा खडक यांचा हिशेब त्यात अजून धरलेलाच नाही. वेधशाळा सांगते ते तापमान सावलीतले असते. माळावर चालणारा माणूस त्या सावलीत नसतो.

कोकणातल्या माणसाला आपला घाम दिसतो, सदरा पिळून काढता येतो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत घाम आला तसा उडून जातो. ‘मला घामच येत नाही’ असे म्हणणाऱ्याच्या काळ्या टी-शर्टवर दुपारी मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात.

आता पुन्हा कागदाकडे. आठ तास आणि ताशी अर्धा लिटर म्हणजे चार लिटर पाणी, चार किलो ओझे. डिसेंबर-जानेवारीत हे जमते. अर्धे पाठीवर घ्यावे आणि अर्धे मधल्या वस्तीवर भरून घ्यावे. एप्रिलमध्ये हीच वाट धरली तर तासाला एक लिटरही लागू शकतो. आठ लिटर पाणी पाठीवर घेऊन माळ तुडवणे कुणाच्याच आवाक्यातले नाही, आणि ते वाहण्याच्या श्रमानेच आणखी घाम येणार. त्यामुळे उन्हाळ्यात हा फेरा अवघड आहे असे म्हणणे पुरेसे नाही. गणितच जुळत नाही, तेव्हा तो करूच नये. पावसाळ्यात दुसरी अडचण. इथली काळी माती पाणी शोषून फुगते, बुटाला चिकटते आणि प्रत्येक पाऊल किलोभर जड होते. शिवाय मोसमाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजांचा धोका मोठा. उघड्या माळावर सगळ्यात उंच वस्तू माणूसच असतो, आणि एकट्या झाडाचा आसरा त्याहून वाईट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते, ते फोनमध्ये असलेले बरे. एकूण काय, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस या वाटेचे. कॅलिफोर्नियातल्या गवताळ, ओक वृक्षांच्या टेकड्यांवर फिरणारे लोकही कोरडा उन्हाळा टाळतात. फरक इतकाच की त्यांचे गवत हिवाळ्यात हिरवे होते आणि आपले तेव्हा सोनेरी.

पाण्याविषयी एक उलटी चूकही होते. भीतीपोटी काही जण तहान नसताना ढसाढसा पाणी पितात. घामावाटे गेलेले मीठ परत न घेता नुसते पाणी वाढवत नेले की रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा १३ टक्के जणांमध्ये ते धोक्याच्या पातळीखाली आढळले. डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दोन्हीकडे सारखीच असल्याने अशा माणसाला आणखी पाणी पाजले जाते आणि प्रकृती बिघडते. तहानेप्रमाणे, थोडे थोडे आणि दर दोन-तीन तासांनी मीठसाखरेचे पाणी, हा मध्यम मार्ग. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा सरळ ओआरएसचे पाकीट. पाकीट अर्ध्या पेल्यात कालवू नये, लिटरचे लिटरलाच.

एका गोष्टीबद्दल फारसे बोलले जात नाही. माळावर आडोसा नसल्याने अनेक महिला सकाळपासून मुद्दाम कमी पाणी पितात. दुपारच्या चक्कर येण्यामागे आणि दुसऱ्या दिवशीच्या मूत्रमार्गाच्या जळजळीमागे बऱ्याचदा हेच असते. वाट आखतानाच झाडीची किंवा वस्तीची ठिकाणे ठरवून तिथे सगळा गट थांबेल असे जाहीर करावे, म्हणजे कुणाला संकोचाने पाणी टाळावे लागत नाही.

खाण्याच्या बाबतीत महागड्या एनर्जी बारची गरज नाही. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे किंवा दशम्या दीर्घकाळ पुरतात. गूळ-शेंगदाणे खिशात असावेत, ते तासातासाला चिमूटचिमूट खाता येतात. जानेवारीत एखाद्या शेतात हुरड्याची आगटी पेटलेली असेल आणि आग्रह झाला, तर तो मोडू नये. मात्र पोट तडस लागेपर्यंत खाऊन चढाला लागले की रक्ताची पोटाकडे आणि पायांकडे ओढाताण होते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवसाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावे, कारण दिवसभराच्या चालण्याने साखर अनपेक्षितपणे खाली येते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही तेच करावे. जिना चढताना छातीत दडपण येत असेल, तर माळ नंतर, आधी तपासणी.

कुसळ, विंचू आणि घोणस

शहरातून आलेल्याला माळावरचा पहिला धडा कुसळी गवत देते. हिवाळ्यात ते वाळते आणि त्याची टोकदार बीजे मोज्यांत घुसतात. ओढून काढली तरी ती पुढेच सरकत राहतात, यामागे मजेशीर यांत्रिकी आहे. बीजाच्या टोकाला मागे वळलेले राठ केस असतात आणि मागे लांब, पिळदार शेपूट. हवेतला ओलावा वाढला की शेपटीचा पीळ सुटतो, हवा कोरडी झाली की तो पुन्हा बसतो. दवाची रात्र आणि कोरडी दुपार यांच्या फेऱ्यात बीज स्क्रूसारखे फिरत मातीत शिरते. मागच्या केसांमुळे त्याला परत येता येत नाही. ही सगळी योजना मातीसाठी केलेली, पण लोकरी मोजाही त्याला चालतो. उपाय सोपा आहे. गुळगुळीत, घट्ट विणीच्या कापडाची पूर्ण लांबीची पँट आणि तिच्या खालच्या टोकाला बांधलेली पट्टी. कुसळ सुटे करताना डोळ्यांजवळ हात नेऊ नये.

या गवताला सरकारी भाषेत बरेचदा ‘पडीक’ म्हणतात. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही गवताळ प्रदेशांची गणना होते. प्रत्यक्षात कुसळी, मारवेल, पवन्या यांसारखी गवते आपल्या मुळांतून मातीत कार्बन साठवतात, ओढे उशिरा आटतील अशी माती धरून ठेवतात आणि लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांना घर देतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या पक्षी गवतावरून इतके खालून उडतात की त्यांची सावली आणि ते जवळजवळ एकच दिसतात. माळावर विडीकाडी पेटवू नये हे सांगण्याचे कारण नुसते चाऱ्याचे नुकसान एवढेच नाही.

दगड उचलू नये, कारण बसाल्टच्या फटींत लाल विंचू असतो. त्याच्या दंशाने हृदयावर गंभीर परिणाम होतो हे जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे मराठवाड्यातलेच, जालना जिल्ह्यातले. कोकणात महाडच्या परिसरात सेवा करताना त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध विंचूदंशावर वापरले आणि गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. घाम फुटणे, हातपाय गार पडणे, उलटी ही लक्षणे दिसली की वेदनाशामक देऊन वाट पाहत बसू नये.

सापांमध्ये नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार जीवघेणे. एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार जण दगावले. घोणस गवतात निपचित पडून राहते आणि पाय पडेपर्यंत हलत नाही, म्हणून दाट गवतात काठीने पुढची वाट चाचपत चालावे. दंश झालाच तर दोरी आवळू नये, चीर देऊ नये, चोखू नये. बोटातली अंगठी, पायातले पैंजण लगेच काढावे, दंशाचा अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णाला न चालवता उचलून रस्त्यापर्यंत आणावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रस्त्यावर येते, घळीत नाही. म्हणून वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यापासून सगळ्यात जवळचा गाडीरस्ता कोणता, हे नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवलेले असावे. या परिसरातले मोठे सरकारी रुग्णालय अंबाजोगाईत, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे आहे.

धनगरांच्या कळपापाशी कुत्रे अंगावर धावून येतात. तिथे पळू नये. थांबावे, मेंढपाळाला हाक द्यावी आणि कळपाला दुरून वळसा घालावा. ती कुत्री लांडग्यासाठी ठेवलेली असतात, चालायला आलेला माणूस त्यांच्या हिशेबात बसत नाही.

पाय आधी तयार करावेत

शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी आषाढीआधी परळी-अंबाजोगाईवरून जाते. तिच्यासोबत चालणाऱ्यांत साठीसत्तरीचे वारकरी असतात. पहाटे निघणे, ठरल्या जागी विसावा, आणि चाल एकसारखी. कुणी धावत नाही, कुणी रेंगाळत नाही. व्यायामशाळेत घाम गाळणारा तरुण माळावर अशा माणसाच्या मागे पडतो. पहिल्या तासात त्याने निम्मी ताकद उधळलेली असते. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच वेग ठेवावा, धाप लागून शब्द तुटू लागले की वेग जास्त झाला.

महिनाभर आधीपासून दर रविवारचे अंतर थोडे थोडे वाढवत पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत न्यावे, तेही ज्या बुटांत आणि ज्या ओझ्यासह जायचे त्यांच्यासकट. बहुतेक जण चढाचा सराव करतात आणि उतार विसरतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार झेलतात, त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. त्याची ठणक त्याच दिवशी न जाणवता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवते. इमारतीचा जिना चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव केला तर ही ठणक बरीच कमी होते.

चालताना कुणी चिडचिड करू लागला, मागे पडू लागला किंवा विचारल्यावर विसंगत उत्तरे देऊ लागला, तर ते नखरे समजू नयेत. चक्कर, मळमळ आणि थंडगार ओलसर त्वचा असेल तर सावली, विश्रांती आणि मीठसाखरेचे पाणी सहसा पुरते. पण अंग तापलेले आणि बोलणे गोंधळलेले असेल, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी पाठीवरचे सगळे पाणी त्याच्या अंगावर ओतून वारा घालावा, मग हलवण्याचे पाहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

निघण्याआधी वाटेचा नकाशा, गटातल्यांची नावे, माघारी फिरण्याची वेळ आणि गाडीचा क्रमांक एका कागदावर लिहून तो घरी एखाद्या जबाबदार माणसाकडे द्यावा. दुसरी प्रत धर्मापुरीतच, ज्यांच्या दारात गाडी लावली त्यांच्याकडे. संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचे, हेही त्यावर लिहिलेले असावे. परत आल्यावर पहिला फोन त्यांना करावा, चहा त्यानंतर. रात्री लघवीचा रंग गडद पिवळा असेल तर पाणी आणखी हवे. तो चहासारखा तपकिरी झाला, तर स्नायूंना मोठी इजा झाल्याची ती खूण आहे आणि सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. मोजे घरात आणण्याआधी अंगणातच उलटे करून झटकावेत. कुसळ आणि गुरांच्या वाटेवरची गोचीड दोन्ही तिथेच सापडतात.